क्लचचं बिल ३२,५०० रुपये! पैसे देण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'अचानक येणारा खर्च' हा विषय घेतला. व्हिडिओत सगळे आकडे सांगता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

धंद्याच्या सुरुवातीच्या काळात मी शिरूरहून दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांना पॅकिंगचा माल द्यायचो. खोकी, प्लॅस्टिक पिशव्या, चिकटपट्टी. जुनी डिझेल कार होती, मागची सीट पाडायची आणि माल भरायचा. डिसेंबरचे दिवस, उसाचा हंगाम भरात. न्हावरा ते चौफुला रस्त्यावर पुढे उसाच्या डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मागे मी. अर्धा तास पहिला गिअर, दुसरा गिअर, पाय क्लचवरच. जळका वास यायला लागला तरी मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. चौफुल्याच्या अलीकडे गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र जागची हलेना.

टोचन लावून गाडी गॅरेजला नेली. दुसऱ्या दिवशी आकडा आला : ३२,५०० रुपये. माझ्याकडे ३८,००० होते, पण ते खोक्यांच्या व्यापाऱ्याला द्यायचे होते. मी घाबरलो. काही न विचारता 'करा' म्हणालो आणि तेच पैसे देऊन टाकले.

गाडी तीन दिवसांत सुरू झाली. पण माल उचलायला पैसेच नव्हते. पुढचे अकरा दिवस मी चकाचक क्लचची रिकामी गाडी घेऊन फिरत होतो. ऐन हंगामात गुऱ्हाळ खोक्यांसाठी थांबत नाही, गूळ तयार झाला की भरावाच लागतो. दोन गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. एक परत आलं, एक कायमचं गेलं.

गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणत नाही. मी काही विचारलंच नाही, त्यामुळे खरं-खोटं मला आजही माहीत नाही. माझा खरा तोटा क्लचने नाही झाला, घाईने झाला. तुमचा तसा होऊ नये म्हणून हा लेख.

१) आधी बघा, क्लच खरंच गेलाय का?

'क्लच गेला' हे एक वाक्य झालं, पण त्यामागे चार वेगळे बिघाड असू शकतात आणि चारांचे खर्च फार वेगळे आहेत.

प्लेट झिजलेली असेल तर क्लच घसरतो. म्हणजे इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. चढाला आणि भरलेल्या गाडीत हे आधी कळतं. जळका वास येतो. पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलते.

पेडल मऊ पडलं, खाली जाऊन बसलं, दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतो, असं असेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये असू शकतो. क्लचचं ऑइल कमी झालंय का, मास्टर सिलिंडर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळतोय का, ते आधी तपासायला सांगा. सिलिंडर बाहेरच्या बाजूला असेल तर गिअरबॉक्स न उतरवता काम होतं. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या आत असतो, तिथे मात्र खर्च वाढतो.

केबलवर चालणारा क्लच असेल तर केबल ताणली जाते, कधी तुटते. केबल बदलणं हे पूर्ण क्लच सेटच्या मानाने किरकोळ काम.

पेडल दाबल्यावर खरखर किंवा शिट्टीसारखा आवाज आणि सोडल्यावर बंद, असं असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर.

घसरण्याची साधी चाचणी मेकॅनिककडून समोर करून घ्या. मोकळी सपाट जागा, समोर माणूस नाही, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पाय ब्रेकवर, गाडी वरच्या गिअरमध्ये. आता क्लच हळूहळू सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडायला हवं. इंजिन खुशाल चालूच राहिलं, तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर उरलेली प्लेटही जळेल.

२) बिल एवढं मोठं का येतं?

क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये. इंजिनला जोडलेलं जड फिरतं चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्यावर क्लच प्लेट दाबून धरायचं काम प्रेशर प्लेट करते. तुम्ही पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, पकड सुटते, गिअर बदलता येतो. हाफ क्लचवर गाडी चालवली की प्लेट पूर्ण चिकटतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही, नुसती घासत राहते. ते घासणं म्हणजेच उष्णता, आणि तोच तो जळका वास.

प्लेटपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजे ८०० रुपयांची वस्तू बदलायची असो की ८,००० ची, मजुरी जवळपास तेवढीच. म्हणूनच 'फक्त प्लेट टाका, बाकी पुढच्या वेळी बघू' ही बचत नाही. सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडलं तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्याल. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदला. इंजिनच्या त्या बाजूचं ऑइल सीलही बघून घ्या. ते गळत असेल तर नव्या प्लेटवर ऑइल पडून नवा क्लचही घसरायला लागेल.

३) एक आकडा घेऊ नका, फोड मागा

'टोटल किती होतील?' हा प्रश्न नाही विचारायचा. 'कशाचे किती?' हा विचारायचा. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी, जीएसटी धरून घेतलेत. तुमच्या गाडीचे वेगळे असतील.

समजा पहिल्या गॅरेजने असं लिहून दिलं :

- प्लेट आणि प्रेशर प्लेटचा सेट : ८,२००
- रिलीज बेअरिंग, सिलिंडरसह : ३,४००
- नवीन फ्लायव्हील : १२,६००
- ऑइल सील : ६००
- गिअर ऑइल : १,२००
- मजुरी : ४,५००
- इतर : २,०००

एकूण ३२,५००.

आता यात तुम्ही दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, 'इतर' म्हणजे काय? दुसरा, फ्लायव्हील बदलायलाच हवं का?

साधं एकसंध फ्लायव्हील असेल आणि त्यावर फक्त वरवरच्या रेघा किंवा हलके डाग असतील, तर बऱ्याचदा लेथवर फेसिंग करून ते पुन्हा वापरता येतं. तडे असतील किंवा फार खोल झीज असेल तर मात्र बदलावंच लागतं. आणि एक लक्षात ठेवा, बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्यात आत स्प्रिंगा असतात, त्याला असं फेसिंग करून चालत नाही. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते आधी विचारा.

समजा तुमच्या गाडीत साधं फ्लायव्हील आहे आणि फेसिंगचे १,५०० लागले. 'इतर'चे २,००० कशाचे ते कुणाला सांगता आलं नाही, म्हणून ते गेले. आता बेरीज करा : ८,२०० + ३,४०० + १,५०० + ६०० + १,२०० + ४,५०० = १९,४००. दोन प्रश्नांत १३,१०० रुपये वाचले. भांडण नाही, घासाघीस नाही.

गॅरेजशी बोलताना एवढं नक्की ठरवा :

- अंदाज लेखी किंवा व्हॉट्सॲपवर घ्या. त्यापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी फोन, मग काम.
- पार्ट कोणता टाकणार ते ठरवा. कंपनीचा ओरिजिनल, की बाजारातला नामांकित? बॉक्स समोर उघडायचा, एमआरपीच्या स्टिकरचा फोटो काढायचा. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टचा मोठा बाजार आहे, तिथे फोन करून भाव विचारता येतो.
- जुने पार्ट परत मागा. प्लेटचे रिबिट वर आलेत का, प्रेशर प्लेटवर निळे-काळे डाग आहेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.
- कामाची वॉरंटी किती महिने, ते बिलावर लिहून घ्या.

दुसरा अंदाज घ्यायला लाजू नका. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, केडगाव, दौंड, कुरकुंभ, या पट्ट्यात गॅरेजची कमी नाही. फोटो पाठवून दोन फोन केले तरी भावाचा अंदाज येतो. फक्त गाडी खोलण्याआधी करा. गिअरबॉक्स खाली आल्यावर तुमची बाजू कमजोर होते.

४) दुरुस्त करू की विकून टाकू?

मोठं बिल आलं की घरात कुणीतरी म्हणतंच, 'काढून टाका हो हा डबा, नवीन घेऊ.' रागात घेतलेला निर्णय महाग पडतो. हिशोब करा.

समजा नवीन गाडीसाठी ७ लाखांचं कर्ज घेतलं, ५ वर्षं, साडेनऊ टक्के व्याज. हप्ता होतो साधारण १४,७०० रुपये. म्हणजे १९,४०० ची दुरुस्ती ही सव्वा हप्त्याहून थोडीच जास्त आहे. दुरुस्तीनंतर जुनी गाडी दोन महिने चालली तरी खर्च निघाला. वर क्लच गेलेली गाडी विकायला काढली तर घेणारा दुरुस्तीपेक्षा जास्तच पैसे कापतो.

मग विकायची कधी? मेकॅनिकला विचारा, 'पुढच्या वर्षभरात अजून काय काय निघेल?' इंजिन, टर्बो, सस्पेन्शन, टायर, गंज, सगळं लिहून काढा. वर्षभराची ही बेरीज गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर बदलायचा विचार करा. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, नियम नाही. पण ठोकताळा असला की रागाला जागा राहत नाही.

५) पैसे कुठून द्यायचे? मी चुकलो ते इथेच

खेळतं भांडवल म्हणजे धंद्याचं रक्त. कच्च्या मालाचे पैसे दुरुस्तीला दिले की गाडी चालते आणि धंदा थांबतो.

माझं जे गिऱ्हाईक कायमचं गेलं त्याचा हिशोब मी नंतर मांडला. महिन्याला ९,००० चा माल, १५ टक्के नफा, म्हणजे १,३५०. सहा महिन्यांचा हंगाम धरला तर वर्षाला ८,१००. तीन वर्षांत २४,३००. एकटं ते गिऱ्हाईक क्लचएवढं महाग पडलं.

आज माझ्यावर तीच वेळ आली तर मी या क्रमाने जाईन.

पहिलं काम, गिऱ्हाईकाला फोन. गॅरेजच्याही आधी. 'दादा, गाडी बंद पडलीय, पण माल उद्या सकाळी पोचतोय.' मग भाड्याने छोटा हत्ती करायचा. तीन दिवसांत दोन फेऱ्या, फेरीला २,००० धरले तर ४,००० होतात. त्यातून आपलं न जळलेलं १,२०० चं डिझेल वजा करा. जादा खर्च २,८००. वर्षाचे ८,१०० वाचवायला २,८०० गेले, हा तोटा नाही.

दुसरं, गॅरेजवाल्याशी उघड बोला. पार्टचे पैसे आज, मजुरी पंधरा दिवसांनी, असं बरेच जण ऐकतात. तोही आपल्यासारखाच छोटा उद्योजक आहे. फक्त सांगितलेल्या तारखेला पैसे द्या.

तिसरं, जुनी उधारी वसूल करा. प्रत्येकाच्या वहीत पाच-दहा हजार अडकलेले असतातच. पाहुणा आहे म्हणून मागायला लाजतो आपण, आणि मग व्याजाने काढतो!

चौथं, कर्ज घ्यायचंच असेल तर व्याज वर्षाचं मोजा. खासगी सावकार म्हणतो, 'शेकडा ५ रुपये, काही जास्त नाही.' शेकडा ५ म्हणजे २०,००० वर महिन्याला १,००० आणि वर्षाला १२,०००, मुद्दल तसंच उभं. सोनं तारण ठेवून महिना १ टक्क्याने मिळाले तर तेच व्याज वर्षाला २,४००. दागिना घरातल्या बाईचा असतो, त्यामुळे तिला विचारूनच, आणि सोडवायची तारीख ठरवूनच.

६) बिल, जीएसटी आणि विमा

पक्कं बिल घ्या. त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि पार्टची नावं असू द्या. वॉरंटीचा वाद झाला तर हाच कागद कामाला येतो. गॅरेजशी बोलून तोडगा निघालाच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

विम्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. रोजच्या वापराने होणारी झीज साध्या वाहन विम्यात बसत नाही. पण रस्त्यावरच्या मदतीचं ॲड-ऑन घेतलं असेल तर टोचनचा खर्च वाचू शकतो. पॉलिसी काढून बघा.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी लक्ष द्या. १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल असे मोजके धंदे त्याला अपवाद आहेत. मालवाहू गाडीची गोष्ट वेगळी आहे. त्यामुळे कारचं बिल मोजताना कर धरूनच मोजा.

धंद्याचा खर्च म्हणून दाखवायचं असेल तर एका दिवसात एकाला १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका, आयकरात तो खर्च नामंजूर होतो. यूपीआय किंवा बँकेतून द्या. गाडी घरालाही वापरत असाल तर धंद्याचे किलोमीटर वेगळे लिहा आणि आपल्या सीएला दाखवा.

७) खरा धडा : २८ पैसे

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९,४०० रुपयांचा क्लच ७०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला किती पडला? २८ पैसे. फक्त २८ पैसे!

म्हणजे क्लच महाग नाही. महाग वाटतो, कारण सत्तर हजार किलोमीटरचे पैसे तो एका दिवशी मागतो.

तसाच हिशोब बाकीच्यांचा करा. टायर २०,००० चे, ४०,००० किलोमीटर : ५० पैसे. सर्व्हिसिंग दर १०,००० किलोमीटरला ७,००० : ७० पैसे. ब्रेक-सस्पेन्शन ४० पैसे धरा, बॅटरी ७ पैसे. क्लचचे २८ मिळवले की होतात १ रुपया ९५ पैसे. सरळ २ रुपये धरा.

आता दर ठरवताना काय होतं बघा. शिरूरहून दौंडकडची एक फेरी, वाटेतल्या थांब्यांसह १२० किलोमीटर धरू. डिझेल किलोमीटरला ५ रुपये, म्हणजे ६००. ऑर्डर ६,००० ची, नफा २० टक्के, म्हणजे १,२००. आपण खूश, ६०० सुटले! पण गाडीचे २ रुपये धरले की आणखी २४० जातात. सुटले ३६० च. तुमचा दिवस आणि गाडीची घसरती किंमत तर अजून धरलेलीच नाही. क्लचचं बिल येतं तेव्हा आपण म्हणतो 'नशीब फुटकं'. नशीब नाही हो, ते २४० रुपये आपण दर फेरीला घरखर्चात खाल्लेले असतात.

म्हणून 'गाडीचा गल्ला' सुरू करा. महिन्याला १,८०० किलोमीटर होत असतील तर ३,६०० रुपये वेगळ्या खात्यात. सर्व्हिसिंग, टायर, क्लच, सगळं त्यातूनच. एकदम जमत नसेल तर किलोमीटरला १ रुपयाने सुरू करा, पण करा.

क्लच जास्त चालवायचा असेल तर

चांगल्या हाताखाली क्लच लाख किलोमीटरही जातो, वाईट हाताखाली ३०-४० हजारांत संपतो. गिअर बदलला की पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा. वाघोली-शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की न्यूट्रल. उसाच्या ट्रॉलीमागे चिकटून चालू नका. थोडं अंतर सोडा, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून पुढे जा. चढावर गाडी क्लचवर धरू नका, हँडब्रेक आहे त्याच्यासाठी. आणि कारमध्ये टेम्पोएवढा माल भरू नका. ड्रायव्हर ठेवला असेल तर हे त्याला गाडीत शेजारी बसून शिकवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गाडीचं आजचं किलोमीटर वहीत लिहा.
२. क्लच, टायर, बॅटरी शेवटचं कधी बदलले ते लिहा. आठवत नसेल तर मेकॅनिकला विचारा.
३. तुमचा किलोमीटरचा खरा खर्च काढा.
४. सगळ्यात लांबच्या गिऱ्हाईकाच्या ऑर्डरवर तो लावून बघा. नफा उरतो का? नसेल तर दर वाढवा, किंवा दोन गावांच्या फेऱ्या एकाच दिवशी जोडा.
५. गल्ल्यात आजच पहिले पैसे टाका. १०० असले तरी चालतील.

गाडी सगळ्यांचीच कधी ना कधी बंद पडते. त्या दिवशी तुमचा धंदा तिच्याबरोबर बंद पडू नये, एवढीच तयारी करायची आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत पाय क्लचवरून काढा आणि हात हिशोबाच्या वहीवर ठेवा.